आग्रा रोडवरचं गाव आणि सुकेण्याचा फलाट

ओझरात रेल्वे कधी आली नाही. ओझरच रेल्वेकडे जात राहिलं. बाणगंगेकाठचं हे गाव आग्रा रोडवर, आणि रूळ पडले ते दक्षिणेला, खेरवाडी-कसबे सुकेणे-निफाडच्या अंगाने. म्हणून आमच्याकडे 'स्टेशनवर जाऊन येतो' म्हटलं की निम्मा दिवस गेलाच.

बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली 16 एप्रिल 1853ला. मुंबईकडून रूळ कसाऱ्यापर्यंत आले 1861मध्ये. गंमत अशी की घाटावर इगतपुरी, नाशिक, निफाड, चाळीसगाव ही लाइनही त्याच वर्षी सुरू झाली. मध्ये उभा होता थळघाट. तो पार व्हायला 1 जानेवारी 1865 उजाडावं लागलं. म्हणजे आमचा मुलूख रुळांनी आधी खानदेशाशी जोडला गेला, मुंबईशी नंतर! ती चार वर्षं माणसं आणि माल घाटात सडकेनेच चढत-उतरत होते. या घाटाचा चढ 37 फुटांना एक फूट. अभियंता जेम्स बर्कलीच्या हाताखाली ज्या हजारो मजुरांनी तो कातळ फोडला, त्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत, याची मला आजही चुटपुट लागते.

घाट खुला झाला आणि आग्रा रोडचा तोरा उतरला. कापूस वाहणारे बंजाऱ्यांचे तांडे आणि गाडीवानांचे मुक्काम आटत गेले. सडकेवरच्या चांदवडचं महत्त्व घटलं. 1878मध्ये दौंडची लाइन येऊन मिळाली आणि मनमाड जंक्शन झालं. ओझर मात्र बैलगाड्यांना धरून राहिलं. चंपाषष्ठीला खंडेरायाच्या यात्रेत आमच्याकडे बारागाडे ओढले जातात. ज्या गावाचा देवसुद्धा गाड्यांच्या रांगेत रमतो, त्याला स्टेशनपर्यंतचा कच्चा रस्ता जड कसा वाटावा?

सुकेण्याचा फलाट मला आठवतो तो वासाने: ओला कोळसा, गरम तेल, पाट्यांतली कोथिंबीर. सिग्नलचा हात खाली पडला की बायका डोक्यावर गाठोडी घेत. रुळाच्या टांगलेल्या तुकड्यावर टोल पडे. मास्तर पुठ्ठ्याचं छोटं तिकीट यंत्रात घालून खटकन तारीख उमटवत. ते मुठीत घट्ट धरून आम्ही डब्याकडे धावायचो. खिडकीशी बसावं तर डोळ्यात कोळशाचा कण ठरलेला, तरी खिडकीसाठीच भांडणं. सोडायला आलेला काका गाडी दिसेनाशी होईपर्यंत हलत नसे. बैल बाभळीखाली रवंथ करत उभे असत.

साठच्या दशकाअखेरीस विजेच्या तारा आल्या आणि धूर गेला, त्याचं दुःख नाही; धुराने फुप्फुसं जळलेले फायरमन कमी नव्हते. दुःख आहे ते गाडी न थांबण्याचं. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या खेरवाडी-सुकेण्यावरून धडधडत निघून जातात.

सडकेचे दिवस मात्र फिरले. 1964मध्ये एचएएलचा मिग विमानांचा कारखाना आला, वसाहत उभी राहिली, गावाला 'ओझर मिग' हे नाव चिकटलं. आता प्रवासी विमानंही उतरतात. द्राक्षांचे कंटेनर महामार्गाने थेट बंदराला जातात. 7 ऑगस्ट 2020ला देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली, तेव्हा वाटलं, शेतमालाला रूळ पुन्हा आठवले.

माझं मागणं मोठं नाही. ज्या गाड्या अजून थांबतात, त्यांच्या वेळा धरून ओझरहून सुकेण्याला आणि खेरवाडीला एसटी सोडावी. नाशिक रोड गाठायला महामार्गावरच्या गर्दीत तास घालवणारी कॉलेजची पोरं त्या फलाटांवर नक्की दिसू लागतील.