आधी पाय दाखवा!

पावसाळा लागला की आमच्या नाक्यावरचे डॉक्टर नाडीआधी पाय पाहतात. "तुंबलेल्या पाण्यातून आलात? कुठं खरचटलंय?" तापासाठी गेलेल्या माणसाला हे चमत्कारिक वाटते. पण उंदरांचे मूत्र पाण्यात मिसळते आणि बारीकशा जखमेतूनही लेप्टोचे जंतू अंगात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पाणी ओसरले, मागून तापाची साथ आली. तेव्हापासून मुंबईकराला हे निराळे सांगायला नको.

तरी सांगावे लागतेच. त्याच साथीत शेजारच्या काकू मुलाला तीन दिवस काढा पाजत होत्या. पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल झालेत, एवढे ऐकताच डॉक्टरांनी त्याला तडक इस्पितळात धाडले. मूत्रपिंडाला झळ लागली होती. पोर थोडक्यात बचावले.

आता गल्लीत पाणी भरले की ७२ तासांच्या आत सगळे दवाखान्यात हजर! प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन कुणाला द्यायची, हे डॉक्टरच ठरवतात. गरोदर बायका आणि लहान मुले यांचा हिशेब वेगळा. नुसत्या सल्ल्याची फी ते घेत नाहीत. कंपाउंडरचा चेहरा तेवढा पाहवत नाही.