गोळी न देणारा डॉक्टर

ज्याच्या चिठ्ठीवर औषधं कमी, तो डॉक्टर बेताचाच, असं माझं वर्षानुवर्षांचं मत. दारव्ह्याला आमच्या सासूबाईंनी ऐंशी ओलांडली आणि ते आणखी पक्कं झालं. लघवीच्या रिपोर्टात ‘पस सेल’ वाढले की अँटिबायोटिकचा कोर्स हवाच.

मत हललं ते कल्चरच्या कागदांमुळे. त्यात औषधांची यादी असते. ज्याला जंतू दबतो त्यापुढे ‘एस’, ज्याला जुमानत नाही त्यापुढे ‘आर’. जुने-नवे कागद शेजारी ठेवले, तर जंतू तोच, ई. कोलाय, ‘आर’ मात्र कोर्सागणिक वाढलेले. आणि सासूबाईंना ना जळजळ, ना ताप.

नवे डॉक्टर म्हणाले, “ताई, या वयात लघवीत जंतू सापडतातच. त्रास नसेल तर त्यांच्या मागे लागू नका. गेले तरी परत येतील, आणि येताना औषधाला सरावून येतील.” मला ती टाळाटाळ वाटली. पुढे वाचलं, की अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेची २०१९ची मार्गदर्शिकाही हेच सांगते. म्हातारं माणूस अचानक बरळू लागलं, लघवीत जंतूही निघाले, पण ताप किंवा लघवीचा त्रास नसेल, तर आधी दुसरं कारण शोधा, लक्ष ठेवा, असं तिचं म्हणणं.

मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या घरात असताना, सासूबाई खरंच बरळू लागल्या. डॉक्टरांनी ताप, साखर, बीपी पाहिलं, पोट दाबून पाहिलं, गोळ्यांचा डबा मागवला. रात्री उठावं लागू नये म्हणून त्या दुपारनंतर पाणीच पीत नव्हत्या. पोटही साफ नव्हतं, वर झोपेची गोळी चालू. ती बंद झाली, पाणी वाढलं, आणि हळूहळू त्या माणसं ओळखू लागल्या.

मी अँटिबायोटिकच्या विरोधात गेलेले नाही. थंडी वाजून ताप आला, लघवीला आग होऊ लागली, कुशीत दुखू लागलं, तर तासाचाही उशीर नको. म्हातारपणी हा संसर्ग रक्तात उतरू शकतो. पण तेव्हा गोळी लागू पडायची, तर आज ती उगाच खर्ची घालून चालणार नाही.

चिठ्ठी लिहायला दोन मिनिटं पुरतात. न लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावं लागतं, नातेवाइकांचे फोन घ्यावे लागतात. बेताचा डॉक्टर एवढा व्याप करत नाही.