दुरडीत भाकरी असेल तर

रोज दुपारी एकच्या सुमारास आईचा फोन येतो. "जेवलीस का?" मी टेबलावर प्रुफं पसरून बसलेली असते, डबा पिशवीतच असतो. तरी "हो" म्हणते. ती "बरं" म्हणून फोन ठेवते. आमच्या बीडकडे माणूस भेटला की नमस्कार-चमत्कार फारसे होत नाहीत. 'जेवण झालं का' विचारलं की भेट झाली.

मी एका मासिकात मुद्रितशोधन करते. कलेवरचे लेख तपासता तपासता प्रदर्शनं बघायची सवय लागली. अशाच एका लेखात वाचलं, की तैवानमधल्या ताइचुंगच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने 2007 मध्ये आशियाई कलेचं पहिलं द्वैवार्षिक भरवलं, तेव्हा त्याचं नावच 'जेवलात का?' असं ठेवलं होतं. तिकडेही लोक भेटल्यावर हेच विचारतात. थायलंडमध्ये 'भात खाल्ला का' म्हणतात, आणि भात म्हणजे जेवणच. मला वाटत होतं, ही आमच्या गावचीच रीत.

पुढे दिल्लीला गेले असताना साकेतच्या मॉलमध्ये सुबोध गुप्ताचं 'लाइन ऑफ कंट्रोल' हे शिल्प पाहिलं. अणुस्फोटाचा ढग, पण सगळा स्टीलच्या भांड्यांचा. थाळ्या, पातेली, डबे, बादल्या. वजन सुमारे 26 टन. मान वर करून बघताना मी एक खुळेपणा केला. एखाद्या भांड्यावर नाव घातलंय का, ते शोधत राहिले. आमच्याकडे लग्नातल्या प्रत्येक भांड्यावर नाव असतं, कुणी दिलं आणि कोणत्या साली. इथे एकावरही दिसलं नाही. फोटो आईला पाठवला. तिचं उत्तर आलं, "एवढी भांडी, आणि शिजवलंय काय?"

गुप्ता मूळचा बिहारमधल्या खगौलचा. त्याची थाळी-पातेली म्हणजे घरोघरची मांडणी. त्यांचा लखलखाट बघून लोक फोटो काढतात. पण आईचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. भांडं कितीही चमकलं तरी ते रिकामं आहे, हे तिला पहिल्या नजरेत दिसलं.

2019 च्या सुरुवातीला कोचीच्या द्वैवार्षिकाला गेले. फोर्ट कोचीत रिक्षावाल्याने पहिलं वाक्य टाकलं, "ऊणु कळिञ्ञो?" जेवण झालं का. मल्याळम येत नसूनही त्याच्या हाताच्या खुणेवरून कळलं. त्या वर्षी अनिता दुबे यांनी आखलेल्या प्रदर्शनात 'एडिबल आर्काइव्ह्ज' नावाचा एक प्रकल्प होता. अनुमित्रा घोष दस्तिदार आणि प्रिमा कुरियन यांनी देशी तांदळांचे वाण गोळा करून तिथेच शिजवायला घेतले होते. तिथं चुलीपाशीच लोक रेंगाळत होते. माझ्या पुढ्यात तांबूस भात आला. दाणा जाड, चावताना जरा दम लागणारा, पण चव अशी की आमटी नसली तरी चालेल.

आईला फोनवर सगळं सांगितलं. रिर्क्रीट तिरावनिजा या थाई कलावंताने 1992 मध्ये न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत थाई रस्सा-भात रांधून येईल त्याला फुकट वाढला आणि तेच त्याचं प्रदर्शन होतं, हेही सांगितलं. "म्हणजे भंडाराच की," ती म्हणाली. मग ताटाचा फोटो बघून जरा थांबली. "मिलोसारखा रंग दिसतोय गं."

मिलो म्हणजे 1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. आई तेव्हा दहा वर्षांची होती. आज्जी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि आई धाकट्या भावाला कडेवर घेऊन तिच्या मागे. 1973 च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर 50 लाखांच्या आसपास माणसं होती. तिथे खायला सुकडी मिळायची. तिचा गोड वास अजून नाकात आहे, असं आई सांगते. मिलोबद्दल मात्र कधी बोलली नव्हती.

त्यानंतर एकदा पुण्याच्या राज्यश्री गुडी हिच्या छोट्या पुस्तिका हाती आल्या. दलित आत्मकथनांमधले भुकेचे, उष्ट्याचे, मागून आणलेल्या भाकरीचे प्रसंग तिने पाककृतीच्या भाषेत लिहिलेत. हे घ्या, असं करा, असं खा. आपण साहित्य वाचायला लागतो आणि दुसऱ्याच ओळीला घास अडकतो, कारण करणारे 'तुम्ही' आहात. आमच्या घराला दुष्काळातही पाणवठ्यावर कुणी अडवलं नव्हतं. ती भूक आणि आमची भूक एक नव्हे, हेही त्या पानांनी बजावलं.

तरी घरी जाऊन आईला विचारलं, "मिलोची भाकरी कशी करायचे?"

"त्या पिठाला विरी नसायची. आधणाच्या पाण्यात मळायचं. तरी थापताना कडा फुटायच्या. तव्यावरून काढली की लगेच खायची, गार झाली की चामडं." मग वहीकडे बघून, "लिहून काय घेतेस? करायचीय कुणाला?"

जरा वेळाने स्वतःच म्हणाली, "त्या वर्षी कुणी कुणाला 'जेवलास का' विचारत नव्हतं."

"का?"

"नाही म्हणाला तर? विचारणाऱ्याच्या दुरडीत भाकरी नको? 'कामावर निघालास का' म्हणायचे, तेवढंच."

परवा एकला फोन आला. तोच प्रश्न. मी पहिल्यांदाच "नाही अजून" म्हणाले. पलीकडे क्षणभर काही ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "मग ऊठ." आणि डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज ऐकू येईपर्यंत तिने फोन ठेवला नाही.