पारख

माळ्यावरची अडगळ काढताना एखादी जुनी वस्तू हाती लागते. कधी तो पितळी अडकित्ता असतो, कधी गंजलेला कंदील, तर कधी आजोबांनी मासे धरण्यासाठी वापरलेली बांबूची गळकाठी. धूळ झटकली जाते आणि घरातील प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : ‘हिचे किती येतील?’ प्रश्न स्वाभाविक आहे. मोडीत घातले तर पितळेला वजनावर भाव मिळतो. जुन्या बांबूला तर चुलीखेरीज जागा नसते. पण तेवढ्यावरून त्या वस्तूचे मोल ठरत नाही. किंमत बाजारात कळते. मोल कळण्यासाठी पारख लागते.

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव या पारखीसाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. तेरणा नदीच्या काठी वसलेले हे संत गोरा कुंभारांचे गाव. एकदा संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटणे हाती घेतले आणि एकेका संताच्या मस्तकावर थापटून कच्चे मडके कोणते व पक्के कोणते याची परीक्षा केली, अशी आख्यायिका आहे. नामदेवांना ते रुचले नाही आणि त्यांचेच मडके कच्चे ठरले! वरून सारखीच दिसणारी दोन मडकी आतून किती वेगळी असतात, हे जाणत्या कुंभारालाच कळते. जुन्या वस्तूंचेही तसेच आहे.

तेरच्या भूमीत अशा वस्तूंना तोटा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या ‘तगर’ नावाच्या फार मोठ्या नगराचा उल्लेख आहे. तेथील जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जात असे. हे तगर म्हणजेच आजचे तेर, असे जॉन फ्लीट या विद्वानाने 1901 मध्ये दाखवून दिले. नगर गेले, त्यावर मातीची टेकाडे उरली. पावसाने ही माती धुऊन निघाली, की मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, नाणी आणि भाजक्या मातीच्या मूर्ती उघड्या पडत. नांगरटीतही त्या वर येत.

अशा वस्तूंकडे पाहण्याची दृष्टी तेरमधील एका गृहस्थांना होती. त्यांचे नाव रामलिंगप्पा लामतुरे. ज्याला इतर लोक खापर म्हणून ओलांडून जात, ते त्यांनी उचलले, जपले आणि वर्षानुवर्षे त्याचा संग्रह केला. एक मणी विकला असता तर त्याचे कितीसे पैसे आले असते? आणि तो एकदा गावाबाहेर गेला, की तो तेरचा होता हे सांगणारेही कोणी उरले नसते. नाणे वितळविले, की त्यावरील राजाचे नाव धातूबरोबर नाहीसे होते. संग्रह एकत्र आणि गावातच राहिला, म्हणून दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका नगराची आठवण शिल्लक राहिली.

त्या संग्रहात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती होती. इटलीतील पाँपेई हे शहर इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तेथील उत्खननात 1938 मध्ये एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली होती. दोन्ही मूर्ती शेजारी ठेवून पाहता त्यांची घडण विलक्षण मिळतीजुळती दिसली. पुढे जालना जिल्ह्यातील भोकरदन येथेही त्याच धर्तीच्या मूर्तीचा तुकडा मिळाला. मग अभ्यासकांना वाटू लागले, की पाँपेईच्या घरातील ती मूर्ती कदाचित दख्खनच्याच कारागिराने कोरली असेल. सात समुद्रांपलीकडचा हा संबंध जुळला, तो तेरची मूर्ती तेरचीच म्हणून ओळखली जात होती म्हणून. मूर्तीइतकेच मोल तिच्या ठावठिकाण्याला होते.

पारखीची ही रीत साऱ्या जगात एकच आहे. इंग्लंड-अमेरिकेत बांबूच्या सहा चिरफळ्या एकजीव चिकटवून केलेल्या जुन्या गळकाठ्यांचे हौशी संग्राहक आहेत. ते काठीची चकाकी पाहत नाहीत. कारागिराचे नाव कोरले आहे का, सर्व भाग मूळचेच आहेत का, लांबी कमी झाली नाही ना, हे पाहतात. कोणी उत्साहाने तिला नवे रोगण फासले असेल, तर तिचे मोल बहुधा घटतेच. म्हणून जाणता माणूस जुनी वस्तू घासूनपुसून लखलखीत करीत नाही. ती कोणाची, कोठली आणि कशासाठी होती, हे आधी विचारून लिहून ठेवतो. जमिनीत सापडलेल्या ठेव्याविषयी तर 1878 चा कायदाच आहे : दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविले पाहिजे.

लामतुरे यांच्या संग्रहातूनच तेर येथे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले आणि त्याला त्यांचेच नाव देण्यात आले. संग्रहालयातील वस्तूंवर किमतीच्या चिठ्ठ्या नसतात. असते ते वस्तूचे नाव, तिचा काळ आणि तिचे गाव. घरोघरी मात्र अशी नोंद ठेवणारा कोणी नसतो. आजोबांच्या गळकाठीची मूठ कोणत्या हाताने गुळगुळीत झाली आणि ती कोणत्या डोहाकाठी बसली, हे सांगणारी माणसे आहेत तोवरच विचारून घ्यावे लागते. वस्तू माळ्यावर आणखी पन्नास वर्षे थांबू शकते. तिची कहाणी तितकी थांबत नाही.