धूर कुठला ओ सर?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत मी बावीस वर्षं मराठी शिकवलं. वर्गातली निम्मी मुलं घरी तेलुगू बोलायची आणि बहुतेकांच्या आया बिड्या वळायच्या. त्या बायकांवर मी एक कविता लिहिली होती. ठिणगी, राख, धूर, जळत जाणारं आयुष्य, सगळं तिच्यात आलं होतं. कविसंमेलनात भरपूर टाळ्या पडल्या.

मग एका विद्यार्थ्याच्या आईला, ज्यांना मी अक्का म्हणायचो, त्यांच्या ओट्यावर बसून ती मोठ्या उमेदीनं वाचून दाखवली. हात न थांबवता त्यांनी ऐकून घेतली आणि विचारलं, "धूर कुठला ओ सर? आमच्या घरात बिडी कोण पेटवत नाही की."

मला उत्तर देता आलं नाही. धूर हा ओढणाऱ्याचा अनुभव. वळणारीच्या घरात असते ती ओल. भिजवून फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. पत्र्याच्या मापाभोवती फिरणारी कात्री. गल्लीत शिरलं की चार घरांतून तिची करकर ऐकू यायची. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, त्याची बारीक धूळ नाकाला झोंबणारी. अक्कांनी एक पान माझ्या तळहातावर ठेवलं. गार होतं, मऊ चामड्यासारखं. "सुकलं की चिरतंय," त्या म्हणाल्या. दिवसाला हजार बिड्या वळायच्या, म्हणजे हजारदा तो गारवा बोटांना लागायचा. वर्षानुवर्षं त्या ओट्यावर मी चहा प्यायलो होतो आणि यातलं एक अक्षर माझ्या कवितेत नव्हतं.

याहून मोठी चूक पुढं केली. एवढं कळल्यावरही दिवाळी अंकाला कविता तशीच पाठवली. टाळ्या मिळालेल्या ओळी खोडायला मन धजेना. त्याची लाज अजून वाटते.

तेव्हा वर्गात सावता महाराज शिकवत होतो. त्यांचं अरण गाव आमच्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यात. 1295 साली तिथंच त्यांनी समाधी घेतली. या माळ्यानं विठ्ठल पाहिला तो स्वतःच्या मळ्यातल्या भाजीत, विहिरीत, मोटेच्या दोरात. ज्या दोरानं हात सोलवटले असतील तोच दोर अभंगात आला. मी मात्र फळ्यावर 'रूपक' लिहून पुढच्या ओळीकडं वळायचो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउली म्हणतात की, या बोलांच्या गोडीनं कानांना जिभा फुटतील, इंद्रियं आपसांत भांडू लागतील. तिथंही मुलांना मी अलंकाराचं नाव तेवढं पाठ करायला लावलं. सोलापूरच्या उन्हात माठातल्या पाण्याचा वास कसा येतो, एवढं जरी विचारलं असतं तरी मुलांना ती ओवी कळली असती.

पुढं दोन वर्षांनी कविता पुन्हा लिहिली. धूर काढला. पान, कात्री, सूप आलं. अक्कांना वाचून दाखवली. या वेळी त्यांचे हात मध्येच थांबले.

"रात्रीचं राहिलं की," त्या म्हणाल्या. "कितीबी डोळा लागू दे, पानं भिजत घालूनच झोपायचं. नाहीतर उद्याचा दिवस बुडला."

त्या रात्रीची ओळ मला अजून लिहिता आलेली नाही.