बॅलाहुलिश : पाटीच्या दगडाचे गाव

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखात, लॉख लेव्हन या खाडीच्या दक्षिण काठावर बॅलाहुलिश हे लहानसे गाव आहे. ग्लेनकोच्या प्रसिद्ध दरीकडे निघालेले बहुतेक प्रवासी ते ओलांडून पुढे जातात. डॉक्टरने मात्र येथे अवश्य थांबावे.

येथील पाटीच्या दगडाच्या खाणी १६९३च्या सुमारास सुरू झाल्या आणि १९५५ साली बंद पडल्या. फोडलेल्या धोंड्यांचे छिन्नी-हातोडीने पातळ पापुद्रे सोडवायचे, कडा छाटायच्या आणि ती निळसर काळी कौले गलबतांत भरून शहरांकडे पाठवायची, हा येथला दिनक्रम. काम कौशल्याचे, पण त्यातून उडणारी धूळ घातक. सिलिकेचे सूक्ष्म कण फुप्फुसात रुतले की ते हळूहळू घट्ट होत जाते आणि पूर्ववत होत नाही. आपल्याकडे मध्य प्रदेशातील मंदसौरच्या पाटीवरच्या पेन्सिली बनवणाऱ्या कामगारांनी हाच सिलिकोसिस भोगला आहे.

१९०२ साली खाणमालक कंपनीने तेथील डॉक्टर लॅकलन ग्रँट यांना कामावरून दूर केले. त्यांच्या वेतनासाठी कामगारांच्या मजुरीतून वर्गणी कापली जात असे. साहजिकच कामगारांचे म्हणणे पडले की, पैसे आमचे, तर डॉक्टर कोण असावा हेही आम्हीच ठरवणार. कंपनीने खाणींना टाळे लावले. सुमारे दीड वर्ष मजुरी बंद राहिली; एवढा काळ चुली कशा पेटल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी. १९०३च्या अखेरीस कंपनी नमली आणि ग्रँट परत आले. पगारवाढीसाठी झालेले संप पुष्कळ ऐकिवात आहेत. आपल्या डॉक्टरसाठी इतके सोसणारे गाव विरळाच.

ग्रँट यांनी पुढे डोंगराळ भागातील आरोग्याचा प्रश्न सातत्याने मांडला. १९१२च्या ड्यूअर समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. दूरवर विखुरलेली घरे, गरीब रोगी आणि उत्पन्नाची शाश्वती नसलेले डॉक्टर, असे चित्र त्या समितीने सरकारपुढे ठेवले. त्यातून १९१३ साली सरकारी अनुदानावर चालणारी वैद्यकीय सेवा त्या प्रदेशासाठी मंजूर झाली. रोग्याचे घर कितीही दूर असो, त्याच्याकडून माफक शुल्कच घ्यायचे आणि डॉक्टरच्या प्रवासाचा भार सरकारने उचलायचा, अशी तिची रचना होती. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा आली ती १९४८ साली, म्हणजे पस्तीस वर्षांनी.

आज जुन्या खाणीत पायवाटा आहेत. फुटक्या पाट्यांमध्ये पायराइटचे सोनेरी स्फटिक अजून चमकतात.