महिन्यातून एक दिवस

मताचा हक्क हिरावून घ्यायला दर वेळी कायदाच करावा लागतो असे नाही. कचेरीला कुलूप लावले तरी पुरते. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जे घडले ते वाचताना म्हणूनच आम्हाला ते परक्या मुलखातले वाटत नाही.

अलाबामाच्या मधल्या पट्ट्याला ‘ब्लॅक बेल्ट’ म्हणतात. नाव पडले ते तिथल्या काळ्या मातीवरून. आमच्या मराठवाडा-वऱ्हाडासारखाच तो कापसाचा मुलूख. तिथला कापूस गुलामांनी पिकवला आणि त्यांचे वंशज आजही तिथेच, बहुतेक गरिबीत, राहतात. सेल्मा हे गाव याच पट्ट्यातले. १९६५ च्या सुमारास तिथली मतदार नोंदणीची कचेरी महिन्यातून दोनच सोमवार उघडी असे. रांगेतल्या कृष्णवर्णीयांना नको ते प्रश्न विचारून परत पाठवले जाई. ४ फेब्रुवारी १९६५ रोजी माल्कम एक्स सेल्मात बोलून गेले. १७ दिवसांनी त्यांचा खून झाला. ७ मार्चला पुलावर मोर्चेकऱ्यांची डोकी फुटली. तेव्हा कुठे त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा आला.

मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घेण्याचे बंधन या कायद्याने अलाबामावर घातले होते. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते सुटले. मतदानाला फोटोचे ओळखपत्र हवे, असा कायदा राज्याने २०११ मध्येच केला होता. तो २०१४ पासून लागू झाला. तिथे बहुतेकांचे ओळखपत्र म्हणजे गाडी चालवण्याचा परवाना. आणि २०१५ च्या सप्टेंबरअखेर पैसे नाहीत म्हणून राज्याने परवान्याच्या ३१ कचेऱ्या बंद केल्या. पेरी, विल्कॉक्स, लाउन्डेस अशा कृष्णवर्णीयबहुल काउंट्यांचा त्यांत समावेश होता. ज्याच्याकडे गाडी नाही, त्याने आता परवान्यासाठी दुसऱ्या काउंटीत जायचे. आणि त्या भागात बसची सोय नावापुरतीच.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. या कचेऱ्या अर्धवेळ होत्या, तिथे परवाने थोडेच दिले जात, आणि मतदाराचे फुकट ओळखपत्र नोंदणी कचेरीत मिळत होते. गव्हर्नरांनी वंशभेदाचा आरोप साफ नाकारला. पण ओरड झाली तेव्हा ऑक्टोबरमध्ये तोडगा निघाला तो असा : या कचेऱ्या महिन्यातून एक दिवस उघडायच्या. पूर्वी दोन सोमवार, आता एक दिवस! कचेरी वेगळी, कारण वेगळे. पण बंद दारापुढे उभा माणूस तोच. केंद्राच्या परिवहन खात्यानेही चौकशीअंती या निर्णयाचा बोजा कृष्णवर्णीयांवर अधिक पडल्याचे म्हटले, आणि २०१६ च्या डिसेंबरात राज्याने कचेऱ्यांचे तास वाढवण्याचे मान्य केले.

आमच्याकडे मतदान केंद्र दोन किलोमीटरच्या आत असावे असा दंडक आहे. गीरच्या जंगलात एकट्या मतदारासाठी केंद्र उभारले गेले, याचा आम्हाला अभिमान वाटतो. पण यादीत नाव असेल तरच ते केंद्र आपले. भिवंडी-मालेगावच्या मागावर राबणाऱ्याच्या एका कागदावर ‘शेख’ असते, दुसऱ्यावर ‘शैख’. बापाच्या नावातला ‘अब्दुल’ कुठे तरी गळून पडलेला असतो. दुरुस्तीसाठी कचेरीचे हेलपाटे आले, आणि हेलपाटा म्हणजे बुडालेली पाळी. विड्या वळणारी आमची एक खाला म्हणाली, “मताला पैसे पडत नाहीत म्हणता, मग माझी दोन दिवसांची मजुरी कोण देणार?”

काटकसरीला आमचा विरोध नाही. तिचा हिशेब मात्र पुरा हवा. कचेरी बंद केल्याने किती पैसे वाचले ते सरकार सांगते. त्यापायी कोणाला किती कोस जास्त चालावे लागले, आणि किती जण त्या वाटेला गेलेच नाहीत, तेही त्याच कागदावर लिहावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.